तळ्याचं कुंकू

शेवंताबाईच्या जाळ्याच्या भोकातून चार बोटं आरपार जात. उखर्डू, तिचा नवरा, ओसरीवर जाळं विणायला बसायचा तेव्हा त्याच्याजवळ ना पट्टी असायची ना फूट. डाव्या हाताची चार बोटं जुळवायची, त्यांच्याभोवती दोरा फिरवायचा आणि गाठ मारायची. त्याच्या बापाचं माप हेच आणि आज्याचंही हेच. त्या भोकातून वीतभर मासा आरामात निघून जाई. येणारेजाणारे चेष्टा करत, "उखर्डू, तुन्हा जाळामां मासा अडकस का म्हैस?" उखर्डू मान वर न करता म्हणायचा, "म्हैस अडकनी त दूध काढसूत. तू लोटा लई ये."

अशा घरातल्या बाईवर सरकारी कागदात लिहून आलं, की तिनं बारीक जाळं लावून माशांची पिल्लं मारली.

मोहखेडं सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोडला लागून आहे. गावाचं तळं अगदी सडकेच्या काठावर. मोटारीतून जाणाऱ्याला गाव दिसत नाही, पण तळं दिसतं. भोयांची तीनच घरं होती, त्यांतली दोन पोटासाठी धुळ्याला गेली. स्वातंत्र्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी पंचायतीनं तळं उखर्डूच्या नावावर लावून दिलं. पण उखर्डूच्या पायातून तीन वेळा नारू, पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा दोऱ्यासारखा किडा, निघाला होता. तिसऱ्या खेपेला गुडघाच धरला. म्हणून कागदावर नाव उखर्डूचं, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी शेवंता.

तेव्हा तळ्यात थोडे खवले मासे तेवढे होते, मरळ अशी नव्हतीच. शेवंता पांझरा नदीवर गेली. ओल्या फडक्यानं तोंड बांधलेल्या मडक्यांतून तिनं मरळींच्या जोड्या आणल्या, नर आणि मादी, दर मडक्यात एकच जोडी, म्हणजे वाटेत भांडणं नकोत. डोक्यावर एक मडकं, कमरेवर एक, असे सात फेरे झाले. नदीतलं पानगवत मुळासकट उपटून आणून काठाच्या चिखलात लावलं. बगळ्यांनी पिल्लं टिपू नयेत म्हणून उथळ कोपऱ्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. बांधावरून जाणारे शेतकरी हसत. "शेवंता, पानीमां शेती करस का? निंदनी कवय शे?" ती म्हणे, "तुम्ही निंदस्यात तवयच."

आता कुंकवाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

मरळीची जोडी आषाढाच्या सुमाराला काठाजवळच्या गवतात शिरते. दोघं मिळून तोंडानं गवत कुरतडतात आणि ताटाएवढी गोल जागा मोकळी करतात. मादी तिथं अंडी घालते. ती पिवळी, चकचकीत, मधाच्या थेंबासारखी पाण्यावर तरंगतात. मग दोघंही खाली पहारा देत थांबतात. एक-दोन दिवसांत पिल्लं निघतात, आणि थोड्या दिवसांनी ती शेकड्यांनी एकमेकांना चिकटून वर श्वास घ्यायला येतात. रंग त्यांचा तांबडा. लांबून पाहावं तर हिरव्या पाण्यावर कुणी चिमूटभर कुंकू टाकल्यासारखं दिसतं. ते कुंकू हलतं, फुटतं, पुन्हा गोळा होतं, आणि त्याच्याखाली आईबापांची काळी सावली सरकत असते.

भोयांच्या बायका म्हणतात, तळ्यानं कुंकू लावलं. लावलं की त्या कोपऱ्यात चार बोरू, काठच्या गवताचे ताठ दांडे, रोवायचे आणि पिल्लं पांगेपर्यंत बोरूंच्या आत हातसुद्धा घालायचा नाही. पहाऱ्यावरची मरळ जागची हलत नाही, वेडी होऊन भांडते. तिला पकडणं सर्वांत सोपं. म्हणूनच ती पकडायची नाही. जो पकडेल त्यानं कुंकू पुसलं, असं म्हणतात, आणि त्याच्या घरी जातवाले पाणी पीत नाहीत. शेवंताची सासू तर बोरू रोवायच्या आधी पाण्याला हळद वाहायची.

बावन्न सालच्या आषाढात शेवंतानं एका तळ्यात नऊ कुंकवं मोजली. छत्तीस बोरू रोवले. उखर्डू ओसरीवरून ओरडला, "बठ्ठा तळाले कुंपन घालस का आते?"

तळ्यावर रोज येणारी आणखी एक बाई होती. लाडकुंवर, भिकमचंद शेठची बायको. माहेर जामनेरचं, चार यत्ता शिकलेली. जैनाचं घर, तेव्हा सकाळी माशांना कणकेच्या गोळ्या घालायचा तिचा नेम. गोळ्या दोन मापांच्या करायची, मोठ्या खवल्या माशांसाठी बोराएवढ्या आणि त्यांच्या पिल्लांसाठी ज्वारीच्या दाण्याएवढ्या. "मोठी गोळी बारक्याच्या घशात अडकते," हा तिचा हिशेब. या बारक्या गोळ्या वळायला तिला घटकाभर जास्त लागे, पण त्या कधी चुकल्या नाहीत.

एक मासे पोसणारी, एक मासे धरणारी. दोघींचं कधी भांडण झालं नाही आणि बोलणंही झालं नाही. लाडकुंवर घाटाच्या पायरीवर असेल तोवर शेवंता जाळं खांद्यावरून खाली घेत नसे, झाडामागं थांबून राही. आणि शेवंता मडकं घेऊन निघाली की लाडकुंवर पदर पुढं ओढून तोंड फिरवून घेई. दोघींनी एकमेकींचं एवढं राखलं होतं.

चोपन्नच्या माघात धुळ्याहून सफाईखात्याचे इन्स्पेक्टर खैरनार साहेब आले. कोणी फार मोठे साहेब आग्रा रोडनं शिरपूरकडे जाणार होते आणि सडकेवरून दिसणारं तळं हिरवं होतं. हिरवं म्हणजे घाण, घाण म्हणजे रोग, असं खैरनार साहेबांनी चावडीवर समजावून सांगितलं. नारूचं नावही घेतलं. त्यांनी मोरचूद आणलं होतं, निळे खडे, गोणपाटाच्या पोत्यात. हे पाण्यात फिरवलं की शेवाळ मरतं, पाणी काचेसारखं होतं.

भिकमचंद शेठ पंच होते. त्यांनी एकच सांगितलं, "साहेब, तळ्यात मासे आहेत. एकही जीव जायला नको."

"शेठजी, मी शब्द देतो. एक मासा मेला तर मला सांगा."

शेठ शब्दावर चालणारे. दुकानात गिऱ्हाइकाचा शब्द ते कागदापेक्षा वरचा मानत. त्यांनी हात जोडले आणि मान डोलावली.

नारू म्हटल्यावर शेवंता पुढं सरकली. ज्या घरात नारूनं माणूस बसवला त्या घराला औषधाचं वावडं असेल कसं? पण नारू तळ्यात नव्हता. तळ्याचं पाणी गुरांना आणि धुण्याला. नारू गावामागच्या बारवेत होता, जिथं बायका पायऱ्या उतरून, पाय पाण्यात बुडवून घागर भरतात आणि तेच पाणी पितात. हे गावातलं शेंबडं पोर सांगेल.

"साहेब, हाई औषध बारवमां टाका ना," ती म्हणाली.

"बारवेचं पाहू पुढं. आधी तळं."

बारव सडकेवरून दिसत नव्हती. पुढचं कधी आलंच नाही. सहा वर्षं गावात नारू निघत राहिला आणि त्यातली साडेतीन वर्षं सडकेवरून दिसणारं पाणी धुतलं गेलं. ज्याला राग येत नसेल त्यानं एकदा उखर्डूला ओसरीवरून उंबऱ्यापर्यंत येताना पाहावं.

आणि कडू गोष्ट अशी, की पहिलं पोतं शेवंतानंच फिरवलं. तराफा गावात तिचाच. पोतं दोरीनं मागं बांधून तिनं तळ्याचे बारा वेढे घातले. मागून निळी रेघ उमटत होती आणि साहेब काठावरून "वा, बाई, वा!" म्हणत होते. तिच्या हातांना हिरवट डाग पडले ते आठ दिवस निघाले नाहीत. शेवाळ आधी तपकिरी झालं, मग बुडालं. त्याच्यामागून पानगवतही पिवळं पडून तळाशी बसलं. पाणी खरंच काचेसारखं झालं. मोठे साहेब मोटारीतून गेले. लोक म्हणतात, त्यांना डुलकी लागली होती.

पण खैरनार साहेबांना ते पाणी फार आवडलं. मग महिन्याच्या महिन्याला पोतं येऊ लागलं.

त्या आषाढात मरळी काठाला आल्या. कुरतडायला गवत नव्हतं. उघड्या चिखलावरच त्यांनी अंडी घातली. दुसऱ्या दिवशी शेवंतानं पाहिलं, तर मधाचे थेंब पांढरे झालेले. तिनं ओंजळीत घेतले. भिजवून विसरलेल्या साबुदाण्यासारखे मऊ, वर कापसासारखी बुरशी. खाली नर आणि मादी पहारा देतच होती. पाच दिवस त्या जोडीनं मेलेल्या अंड्यांवर पहारा दिला. शेवंता रोज जाऊन पाही.

"कुंकू उनं का?" आलं का, असं उखर्डू विचारी.

"नही उनं."

पंचावन्न सालीही तेच. छप्पन्नला मरळी काठाला फिरकल्याच नाहीत. ज्येष्ठात तिनं एक मादी कापली. त्या दिवसांत मरळीचं पोट अंड्यांनी तटतटलेलं असतं. या मादीच्या पोटात अंड्यांची पिशवी करंगळीएवढी, सुकलेल्या शेंगेसारखी. शेवंतानं कोयता खाली ठेवला. त्या दिवशी चूल पेटली नाही.

दर खेपेला ती खैरनार साहेबांना सांगे. दर खेपेला ते विचारत, "मासे मेले का?"

"नही मरनात. पन—"

"मग झालं तर!" आणि वहीत लिहीत, मेलेले मासे शून्य. मोठा मासा दणकट. खानदेशचं पाणी जड, मोरचूद त्यात अर्धंअधिक विरतं, मोठ्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते अंड्याचं आणि अंडं धरणाऱ्या पोटाचं. वहीत त्याला रकाना नव्हता. जो मेला तो तरंगतो, मोजता येतो. जो जन्मलाच नाही तो कुठं तरंगणार?

पहिलं बोलणं लाडकुंवरनंच काढलं. छप्पन्नच्या श्रावणात शेवंता झाडामागं उभी होती. घाटावरून हाक आली, "शेवंता, इकडं ये."

शेवंता जाळं तिथंच टाकून गेली. लाडकुंवरनं पायरीकडे बोट दाखवलं. पाण्याखालच्या दगडावर कणकेचा पांढरा थर साचला होता.

"या बारक्या गोळ्या. तिसरं वर्ष झालं, मोठ्या गोळ्या जातात, बारक्या तशाच बुडतात. मला वाटलं, माझं पीठ आंबलं. चक्की बदलली. मग वाटलं, गहू. गहू बदलला." तिनं पदर सारखा केला. "खायला कोणी आहे का नाही खाली?"

शेवंता त्या थराकडे बघत राहिली. तीन पावसाळे तिनं जे सांगितलं आणि कोणी ऐकलं नाही, ते इथं दगडावर थर होऊन बसलं होतं.

"नही, शेठाणी," ती म्हणाली. "खाली आते कोनी नही. जेवढा शेतस तेवढा बठ्ठा म्हतारा."

लाडकुंवरनं हातातली उरलेली कणीक पुन्हा डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी मात्र बारक्या गोळ्या घेऊन आलीच. नेम तो नेम.

सत्तावन्नच्या चैत्रात कागद आला. तळ्यातली पैदास घटल्याचं साहेबांच्याही कानावर गेलं होतं, कारण शेवंतानंच ते शंभर वेळा घातलं होतं. त्यांनी चौकशी केली, म्हणजे धुळ्यातच बसून केली, आणि लिहिलं, की ठेकेदार बाईनं बारीक जाळ्यानं पिल्लांची मासेमारी केल्यामुळे तळं ओस पडलं असून तळं तिच्याकडून काढून घ्यावं. सरपंच कौतिक नानांनी चावडीवर वाचलं आणि निकाल श्रावणात करू म्हणाले.

तळं जाणार हे एक झालं. पण कागदातली बातमी सोनगीरला पोचली आणि शेवंताचा सख्खा दीर लोटन आला. ओसरीवर बसला. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. त्यानं तो उचलला नाही.

"वहिनी, कुंकू पुसं म्हनतस. खरं शे का?"

उखर्डूनं विणतं जाळं त्याच्या अंगावर फेकलं. "बोटं घाल! घाल बोटं आन माप!" तो असा ओरडला, की शेजारची माणसं बाहेर आली. लोटननं बोटं घातली नाहीत. म्हणाला, "सरकार खोटं लिखी का?" आणि तांब्या तसाच ठेवून गेला.

शेवंता रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो राग तिनं कामाला लावला. सडकेसाठी दगड काढलेली एक खदाण गावाबाहेर होती. पावसाचं पाणी, मोरचुदाचा खडा कधी न शिवलेलं. वैशाखात तिनं तळ्यातल्याच दोन जोड्या मडक्यांत घालून खदाणीत सोडल्या. पांझरेवरून पुन्हा पानगवत आणलं. आता तिचं वय पंचेचाळीसच्या पुढं, डोक्यावरचं मडकं मानेत रुते.

पहिला महिना काही नाही. आषाढ अर्धा गेला, एक जोडी नुसती फिरत राहिली. दुसरीनं गवत कुरतडलं. आणि वद्य एकादशीनंतरच्या सोमवारी खदाणीच्या काळ्या पाण्यावर चिमूटभर कुंकू उठलं.

शेवंतानं चार बोरू रोवले आणि तिथंच दगडावर बसून राहिली. घरी आल्यावर उखर्डूनं विचारायच्या आधी म्हणाली, "उनं."

तिनं खैरनार साहेबांना खदाणीवर नेलं. सायकल लावून साहेब काठावर उभे राहिले, बराच वेळ पाहिलं आणि खूश झाले.

"बघा! इथं तुम्ही बारीक जाळं लावलं नाही, तर पिल्लं आली. माझंच म्हणणं सिद्ध झालं, बाई."

जिनं पुराव्यासाठी मान मोडून घेतली, तिचाच पुरावा तिच्या गळ्यात बांधून साहेब सायकलवर बसले.

श्रावणातल्या त्या दिवशी चावडी भरली. मधे कौतिक नाना, उजवीकडे भिकमचंद शेठ, खुर्चीवर खैरनार साहेब. शेवंता खांबापाशी उभी, उखर्डू पाय लांब करून पायरीवर. सोनगीरहून लोटन आणि चार जातवाले आले होते, ते वेगळे बसले.

साहेबांनी कागद वाचला. शेवंतानं जाळं पुढं टाकलं. साहेब म्हणाले, "हे दाखवायचं जाळं असेल."

"मंग लावाचं जाळं मन्हा घरमां धुंडा!"

"आवाज खाली, शेवंता," नाना म्हणाले.

तेवढ्यात चावडीच्या दाराशी बायका बाजूला झाल्या. लाडकुंवर आत आली. हनुवटीपर्यंत घुंघट. हातात पितळी डबा. भिकमचंद शेठ अर्धवट उठले. त्यांच्या घरातली बाई चावडीची पायरी चढली नव्हती, कधीच. मोठ्या माणसांसमोर तिनं बोलायचं नाही, हा रिवाज. बोलायचंच झालं तर मधे तिसरं माणूस घालून. लाडकुंवर सरळ शेवंताजवळ जाऊन उभी राहिली आणि खांबाकडे तोंड करून म्हणाली,

"शेवंता, साहेबांना विचार, त्यांनी सकाळी तळ्यावर येऊन किती वेळा पाहिलंय."

शेवंतानं एक क्षण तिच्याकडे पाहिलं. मग वळली. "साहेब, शेठाणी इचारस, तुम्ही सकायले तळावर कितीदाव उनात?"

साहेब गोंधळले. "मी... महिन्यातून एकदा."

"शेवंता, सांग, मी रोज जाते. अकरा वर्षं."

"त्या रोज जातस. अकरा वरीस."

"ऐकू येतंय आम्हाला," साहेब म्हणाले. कोणीतरी हसलं. पण रिवाज तो रिवाज, त्या दोघी थांबल्या नाहीत.

"सांग, हिनं मी असताना कधी जाळं टाकलं नाही. पण मी गेल्यावर टाकलेलं जाळं मी दुकानाच्या माडीवरून बघते. मला मासे मारलेले बघवत नाहीत, म्हणून मी नजर ठेवते. बारीक जाळं असतं, तर सर्वांत आधी मीच बोंब मारली असती."

शेवंता सांगू लागली. "म्हनतस... माडीवरतीन मन्हावर नजर ठेवतस." आणि मधेच घुंघटाकडे वळून म्हणाली, "शेठाणी, माले ठाऊक नही व्हतं हां!"

"आता झालं," घुंघटातून उत्तर आलं. चावडी खदखदली.

लाडकुंवरनं डबा उघडला. आत पायरीवरून खरवडलेला कणकेचा थर. "सांग, बारक्या गोळ्या खाणारं पिल्लू चोपन्नच्या उन्हाळ्यापासून नाही. पोतं चोपन्नच्या माघात आलं. आणि ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी खाणारं पिल्लू कुठल्या जाळ्यात अडकतं, ते साहेबांनी एकदा विणून दाखवावं."

शेवंतानं ते आपल्या शब्दांत सांगितलं, आणि पायरीवरून उखर्डूनं दोऱ्याचा गुंडा साहेबांच्या पायाशी भिरकावला. "ल्या. विना."

साहेब लाल झाले. "अहो, पण मासे मेले का? एक तरी मेला का? शेठजी, तुम्हीच सांगा!"

भिकमचंद शेठनं तोंड उघडलं. पण त्याआधी घुंघट प्रथमच खांबाकडून वळला. नवऱ्याकडे नाही, नवऱ्याच्या पायांकडे. आवाज खाली आला.

"शेवंता, त्यांना विचार, अंड्यात जीव असतो की नाही."

शेवंतानं विचारलं नाही. गरजच नव्हती. शेठ तसेच बसले होते, हात मांडीवर, आणि त्यांचा चेहरा कोणी काढून घेतल्यासारखा झाला होता.

"साहेब," ते अखेर म्हणाले, "तुम्ही मला शब्द दिला होता."

"शेठजी, शब्द माशाचा होता. अंड्याचं कोणी विचारलं नव्हतं."

"नव्हतं विचारलं," शेठ म्हणाले. "ते माझं पाप. पण साडेतीन वर्षं ही बाई येऊन सांगत होती आणि तुम्ही शून्य लिहीत होता. ते माझं नाही." त्यांनी कौतिक नानांकडे पाहिलं. "नाना, आजपासून तळ्यात पोतं नको. मी पंच म्हणून सांगतो. द्यायचंच असेल तर बारवेत काय घालायचं ते डॉक्टराला विचारून घाला."

नाना दाढी खाजवत म्हणाले, "ठीक शे. तळं शेवंताकडेच राही. साहेब, आते हाई मिटाडा."

साहेबांनी कागदाची घडी घातली. "मी वर कळवतो, की पैदास नैसर्गिक कारणानं घटली."

"आनि मन्हं नाव?" शेवंता म्हणाली.

"तुमच्यावर काही कारवाई नाही, बाई. जा घरी."

"कारवाई नही म्हनतस. पन मी पिल्लं मारात, हाई लिखेल शे त्येनं काय?"

"ते राहू द्या. जुना कागद आहे, कोण वाचतो?"

"सोनगीरले वाचा," ती म्हणाली आणि लोटनकडे बोट केलं. "मन्हा घरनं पानी बंद पडेल शे." तिनं पुढं होऊन कागदावर हात ठेवला, मोरचुदाच्या डागांनी कधी काळी हिरवा झालेला तोच हात. "माले वाचता येत नही, साहेब. पन रेघ मारेल दिसस. मारा."

साहेबांनी नानांकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. कोणी मदतीला आलं नाही. त्यांनी टाक काढला आणि एक रेघ मारली, घाईघाईनं, अर्धी.

"हाई पुरी नही," शेवंता म्हणाली.

लाडकुंवर तिच्या खांद्यावरून कागदाकडे वाकली होती. "शेवंता, साहेबांना सांग, 'बारीक' वर रेघ आली, 'पिल्लां'वर नाही."

साहेबांनी रेघ पुरी केली.

बाहेर पायरीवर उखर्डूनं तांब्या पुढं केला. लोटननं तो घेतला आणि उभ्यानंच घोट घेतला. "वहिनी, मी—" तो म्हणाला. शेवंतानं त्याला बोलू दिलं नाही. "प्यायलास ना? जा आते." पुढं वर्षभर ती त्याच्याशी फार बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं म्हणवत नाही.

पोतं बंद झालं. पण तळाच्या चिखलात बसलेलं मोरचूद कागदावरच्या रेघेनं निघत नाही. अठ्ठावन्नच्या आषाढात काही नाही. शेवंतानं दोन उन्हाळे आटलेल्या काठाचा चिखल पाट्यांनी उपसला. खदाणीतली पिल्लं मोठी झाली तशी तळ्यात आणली. शेवाळ परत आलं. सडकेवरून जाणारे मोटारवाले पुन्हा नाकाला रुमाल लावू लागले. एकदा खुद्द खैरनार साहेब सायकलवरून जाता जाता थांबले आणि म्हणाले, "बाई, किती घाण झालंय हे."

"हां, साहेब," शेवंता गुडघाभर पाण्यातून म्हणाली. "तुमना डोयाले तरास व्हस. वर पाहीसन जा."

बारवेत मात्र साठ सालापर्यंत कोणी काही घातलं नाही. डॉक्टराचा कागद वर गेला तो वरच राहिला. साठच्या उन्हाळ्यात गावात आणखी तिघांच्या पायांतून नारू निघाला.

एकोणसाठच्या श्रावणात, सकाळी, शेवंता नेहमीसारखी झाडामागं थांबली होती. घाटावर लाडकुंवर बसली होती. तिनं आधी बोराएवढ्या गोळ्या टाकल्या. मग डब्याच्या कोपऱ्यातून बारक्या घेतल्या आणि सवयीनं, न बघता, पाण्यावर भिरकावल्या. उठायला लागली, आणि अर्धी उठलेली तशीच थांबली.

पाणी खदखदलं. टाचणीच्या टोकाएवढी तोंडं, शेकड्यांनी.

"शेवंता!" ती ओरडली. घुंघट कुठल्या कुठं. "अगं, पळ! गोळ्या संपल्या!"

शेवंता आली, पण तिनं घाटाकडे पाहिलं नाही. ती पलीकडच्या गवताच्या कोपऱ्याकडे बघत होती. मग लगबगीनं बांधावर गेली, चार बोरू तोडले आणि पाण्यात उतरली.